अडीच वाजताची मॅच: हानशिन टायगर्सबद्दल तुमचे प्रश्न

मागच्या अंकात या पानावर जपानच्या हानशिन टायगर्स या बेसबॉल टीमबद्दल मी सहज चार ओळी लिहिल्या होत्या आणि त्यावर एवढी पत्रं, एवढे मेसेज आले की या वेळी फुटबॉल, कुस्ती सगळं बाजूला ठेवून अख्खं पान त्यांनाच देतोय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. नावं न छापता फक्त पेठ किंवा गाव टाकलंय.

सर, बेसबॉल म्हटलं की अमेरिका, मग तुम्ही जपानची टीम कुठनं शोधून काढली? आणि हानशिन हे माणसाचं नाव का गावाचं?
(कॉलेजचा विद्यार्थी, शिवाजी पेठ)

दोन्ही नाही, रेल्वेचं. ओसाका आणि कोबे ही दोन मोठी शहरं, त्यांच्या नावातलं एकेक अक्षर घेऊन हानशिन हा शब्द झालाय आणि या दोन शहरांच्या मधे धावणाऱ्या इलेक्ट्रिक रेल्वे कंपनीचं ते नाव. या कंपनीनं आपल्याच लाईनवर निशिनोमिया गावात मोठं स्टेडियम बांधलं, १ ऑगस्ट १९२४ ला ते उघडलं, त्याचं नाव कोशिएन. या नावाची गंमत आपल्याला लगेच कळते बघ, त्यांच्या जुन्या पंचांगात आपल्यासारखंच साठ वर्षांचं चक्र असतं, आपल्याकडं प्रभव हे साठातलं पहिलं संवत्सर तसं त्यांच्यात १९२४ हे चक्रातलं पहिलं वर्ष होतं आणि त्या वर्षाच्या नावावरनं स्टेडियमला नाव पडलं. १९३४ ला अमेरिकेचा बेब रुथ या ग्राउंडवर खेळून गेला, आणि डिसेंबर १९३५ मधे ओसाका टायगर्स ही टीम निघाली, तिथल्या प्रोफेशनल बेसबॉलमधली टोकियोच्या जायंट्सनंतरची सगळ्यात जुनी टीम हीच. युद्धाच्या काळात इंग्रजी शब्द नकोत म्हणून टायगर्स हे नाव काढायला लागलं, स्टेडियमचं लोखंडी छतसुद्धा १९४३ ला धातू पाहिजे म्हणून उतरवून नेलं. आत्ताचं हानशिन टायगर्स हे नाव १९६१ पासूनचं.

आता मी यांच्याकडं कसा वळलो म्हणशील तर वेळेमुळं. अमेरिकेच्या मॅच आपल्याकडं बहुतेक रात्री नाहीतर पहाटे. जपान साडेतीन तास पुढं, तिथं संध्याकाळी सहाला मॅच चालू झाली की कोल्हापुरात दुपारचे अडीच वाजलेले असतात, जेवण झालेलं, गल्ली सामसूम, आणि मोबाईलवर चाळीस-पंचेचाळीस हजार माणसं एका सुरात गातायत. एकदा ऐकलं आणि मी तिथंच अडकलो.

माझा मुलगा सुट्टीत दुपारी मोबाईलवर ही मॅच लावतो, हातात प्लास्टिकच्या दोन छोट्या बॅटी घेऊन आपटत बसतो, मधेच फुगा फुगवून सोडतो. घरात म्हातारी माणसं झोपलेली असतात. हे नक्की काय चाललंय?
(एक आई, राजारामपुरी)

काकू, तो अगदी बरोबर करतोय. बेसबॉलच्या मॅचला नऊ इनिंग असतात, प्रत्येक इनिंगला दोन्ही टीमची एकेकदा बॅटिंग. कोशिएनवर सातव्या इनिंगला आपल्या टीमची बॅटिंग यायच्या आधी लोक लांबुळके फुगे फुगवायचे आणि ठरलेल्या क्षणी सगळे एकदम सोडायचे, ते शिट्टी मारत आकाशात जायचे, हजारो फुगे, बहुतेक पिवळे. कोरोनात तोंडानं फुगवायचं नको म्हणून ते बंद पडलं. प्लास्टिकच्या बॅटी म्हणजे टाळ्यांऐवजी. प्रत्येक बॅटरचं स्वतःचं गाणं असतं, तो खेळायला आला की कर्णे वाजतात, ढोल वाजतो आणि स्टँडमधली सगळी माणसं त्याच्या नावाचं गाणं म्हणतात, आणि सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे समोरच्या टीमची बॅटिंग आली की हे गप्प बसतात, आता त्यांच्या लोकांची गायची पाळी. हा नियम कुणी वहीत लिहून दिलेला नाही तरी पाळला जातो.

मॅच जिंकली की टीमचं गाणं होतं, रोक्को ओरोशी. रोक्को हा तिथला डोंगर, त्याच्यावरनं खाली येणारा वारा म्हणजे रोक्को ओरोशी. १९३६ सालचं गाणं आहे, संगीत युजी कोसेकींचं, आणि याच माणसानं पुढं जायंट्ससाठीही गाणं केलं आणि कोशिएनवरच होणाऱ्या शाळांच्या स्पर्धेसाठीही. म्हणजे एकाच माणसाच्या चालीवर दोन्ही वैरी गातात.

टायगर्सच्या अशा चाहत्यांना तिथं तोराकिची म्हणतात. तोरा म्हणजे वाघ, किची म्हणजे वेडा. तुमच्या घरात आत्ता एक वाघवेडा आहे, त्याला फक्त एवढं सांगा की बॅटी उशीवर आपट, आवाज कमी येतो. मी तेच करतो.

केएफसीच्या म्हाताऱ्याचा पुतळा नदीत टाकला म्हणून टीमला शाप लागला, ही स्टोरी खरी आहे का?
(बरेच जण, सगळ्यात जास्त प्रश्न हाच)

पुतळा टाकला हे खरं आहे. १६ ऑक्टोबर १९८५, टायगर्सनी एकवीस वर्षांनी लीग जिंकली. ओसाकात दोतोनबोरी नावाचा कालवा आहे, दोन्ही बाजूला दुकानं, लाईटी, मधे एबिसुबाशी पूल. त्या रात्री पुलावर गर्दी जमली, एकेका खेळाडूचं नाव घ्यायचे आणि त्याच्यासारखा दिसणारा कुणीतरी पाण्यात उडी मारायचा. रँडी बासचं नाव आलं तेव्हा अडचण झाली, तो दाढीवाला अमेरिकन, तसा दिसणारा गर्दीत कुणीच नाही, मग जवळच्या केएफसीच्या दुकानाबाहेरचा कर्नल सँडर्सचा पुतळा उचलला, गोरा आहे आणि दाढी आहे एवढं पुरलं, आणि दिला पाण्यात टाकून. पुढं नोव्हेंबरात सेइबू लायन्सला हरवून टायगर्स जपान सिरीज (तिथल्या दोन लीगच्या विजेत्यांची फायनल) पण जिंकले, म्हणजे पुतळा पाण्यात असतानाच जिंकले हे लोक विसरतात. त्यानंतर मात्र १९८७ ते २००१ या पंधरा वर्षांत दहा वेळा शेवटचा नंबर. मार्च २००९ मधे कालव्याच्या काठाचं काम चालू असताना पुतळा गाळातनं वर आला, आधी वरचा भाग, दुसऱ्या दिवशी खालचा भाग आणि उजवा हात, चष्मा आणि डावा हात काही मिळालाच नाही.

पण मला विचाराल तर शापापेक्षा बासची स्वतःची गोष्ट सांगायला पाहिजे. हा डावखुरा बॅटर. कोशिएनवर समुद्राकडनं वारा येतो, उजवीकडनं डावीकडं, त्यामुळं डावखुऱ्यानं ताकदीनं मारलेला बॉल वाऱ्यात अडकून खाली पडतो. बासनं वाऱ्याशी भांडायचं सोडून दिलं आणि बॉल डाव्या बाजूला, वाऱ्याबरोबर मारायला शिकला. १९८५ ला ५४ होम रन (होम रन म्हणजे आपल्या सिक्सरसारखा, बॉल थेट कुंपणापार), त्याच्या फटक्यांवर टीमला १३४ रन, ॲव्हरेज .३५० म्हणजे शंभरातल्या पस्तीस वेळा हिट, तिन्हीत पहिला. पुढच्या वर्षी .३८९, हा जपानचा रेकॉर्ड अजून टिकून आहे. १९८५ च्याच एप्रिलमधे जायंट्सविरुद्ध बास, काकेफु आणि ओकादा या तिघांनी एकाच इनिंगला पाठोपाठ तीन होम रन मारले, तिन्ही सेंटरच्या बाजूला मागच्या काळ्या स्क्रीनकडं, ही क्लिप तिथं लहान पोरांनासुद्धा पाठ असते. ओकादा हे नाव लक्षात ठेवा, पुढं लागणार आहे.

१९८८ ला बासचा मुलगा आजारी पडला, मेंदूचं दुखणं, त्याला घेऊन तो अमेरिकेला गेला आणि टीमनं त्याला काढून टाकलं. टीम रसातळाला गेली ती त्याच काळात. मला वाटतं पुतळा पाण्यात गेल्यापेक्षा हा माणूस गेल्यानं टीमचं जास्त नुकसान झालं. २०२३ ला त्याला जपानच्या बेसबॉल हॉल ऑफ फेममधे घेतलं, फार उशीर केला.

आणि एक गंभीर गोष्ट. २००३ ला परत लीग जिंकल्यावर हजारो लोकांनी त्या कालव्यात उड्या मारल्या आणि त्या जल्लोषाच्या दिवसांत एका तरुणाचा जीव गेला. आपल्याकडं रंकाळ्यावर रील करणाऱ्या पोरांनी हे वाचावं.

आमच्या वेळी शाहू स्टेडियमवर पेठेची टीम हरली की त्या रात्री घरात कुणी धड जेवायचं नाही, दुसऱ्या दिवशी समोरच्या पेठेतनं जायचं म्हणजे मान खाली. त्या लोकांच्यात अशी ईर्षा आहे का, का नुसतीच गाणी?
(वय ७६, मंगळवार पेठ)

आजोबा, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. आहे, आणि तुम्हाला ओळखीची वाटेल अशीच आहे. पाटाकडील आणि खंडोबाची मॅच असली की आपल्या गावाचे जसे दोन भाग होतात तसे तिथं ओसाका आणि टोकियो. टोकियोचे योमिउरी जायंट्स म्हणजे पैसा, पेपर, टीव्ही, राजधानी सगळं त्यांच्याकडं. १९६५ ते १९७३ सलग नऊ वर्षं जपान सिरीज त्यांनीच जिंकली. त्यातलं नववं वर्ष कसं गेलं ते सांगतो. शेवटच्या दोन मॅच राहिलेल्या, टायगर्सना एक जिंकली तरी लीग मिळत होती. पहिली हरले. मग २२ ऑक्टोबर १९७३, कोशिएनवर, घरच्या ग्राउंडवर, समोर जायंट्स, आणि ०-९ नं हरले. लोक कुंपण ओलांडून ग्राउंडमधे घुसले. तिथली तुमच्या वयाची माणसं अजून त्या दिवसाबद्दल विचारलं की विषय बदलतात.

त्याच्या आधी १९५९ ची एक मॅच, २५ जूनची. जपानचे सम्राट पहिल्यांदाच प्रोफेशनल मॅच बघायला आलेले, टोकियोत. टायगर्सचा पिचर, म्हणजे बॉल टाकणारा, मिनोरु मुरायामा, नवा पोरगा, पहिलंच वर्ष. नवव्या इनिंगला ४-४ असताना जायंट्सच्या नागाशिमानं त्याला होम रन मारला आणि मॅच संपली. बॉल हद्दीच्या खांबाच्या आतनं गेला का बाहेरनं यावर मुरायामा आयुष्यभर एकच सांगत राहिला, तो फाऊल होता, म्हणजे बाहेरनं गेला. पुढं २२२ मॅच जिंकलेला माणूस, त्याचा ११ नंबर टीमनं कायमचा राखून ठेवलाय, तरी ते एक शल्य गेलं नाही.

आणि आता माझी सगळ्यात आवडती. १९७८ ला एगावा नावाचा, कॉलेजमधे फार गाजलेला पिचर होता, त्याला जायंट्समधेच जायचं होतं. ड्राफ्टच्या (नवे खेळाडू कुठल्या टीमला जाणार ते ठरवायची वार्षिक निवड) आदल्या दिवशी नियमातली एक फट शोधून जायंट्सनी त्याला सही करून घेतलं, लीगनं ते मानलं नाही, ड्राफ्टमधे चिठ्ठी निघाली टायगर्सच्या नावानं. मग वरनं दबाव आला आणि शेवटी असं ठरलं की टायगर्सनी एगावाला घ्यायचं आणि लगेच जायंट्सना द्यायचं, बदल्यात जायंट्सचा पिचर शिगेरु कोबायाशी टायगर्सला. कोबायाशीला कुणी विचारलंसुद्धा नाही. १९७९ च्या सीझनमधे हा माणूस जायंट्सविरुद्ध आठ मॅच जिंकला, हरला एकही नाही. आठ-शून्य. सगळ्या मिळून २२ जिंकल्या आणि त्या वर्षीचं पिचरचं सगळ्यात मोठं बक्षीस, सावामुरा अवॉर्ड, त्यालाच मिळालं. आजोबा, एका पेठेनं नको म्हणून दुसऱ्या पेठेला दिलेल्या पोरानं परत येऊन आठ वेळा हरवावं, याच्यापुढं काय पाहिजे?

ऑगस्टमधे यांच्या होम मॅच कोशिएनवर का दिसत नाहीत?
(शाळेतले क्रीडा शिक्षक, गडहिंग्लज)

कारण ग्राउंड तेव्हा शाळेच्या पोरांचं असतं. जपानच्या हायस्कूलची उन्हाळी स्पर्धा कोशिएनवर होते, प्रत्येक प्रांतातनं जिंकून आलेल्या शाळा, आणि ती चालू असताना प्रोफेशनल टीम गाशा गुंडाळून बाहेर पडते, पूर्वी त्या दौऱ्याला मरणाचा दौरा म्हणायचे, ऐन गरमीत आठवडेच्या आठवडे परगावी. आता काही मॅच ओसाकाच्या डोममधे होतात म्हणून थोडं सुसह्य झालंय. सर, तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, कोशिएनच्या इनफिल्डला, म्हणजे बॅटरजवळच्या आतल्या भागाला, गवत नाही, सगळी काळी माती, आणि हरलेल्या शाळेची पोरं रडत रडत ती माती पिशवीत भरून घरी नेतात. मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा आपल्या आखाड्यातल्या लाल मातीची आठवण झाली, जी कपाळाला लावल्याशिवाय कुणी पैलवान आत उतरत नाही.

मॅच ड्रॉ होते का? आणि वर्षाला किती मॅच?
(इचलकरंजी)

होते. बारा इनिंगनंतर सारखेच रन असले तर ड्रॉ, अमेरिकेत तसं नसतं. वर्षाला प्रत्येक टीम १४३ मॅच.

मी रोज बघतो (मुलगीच आहे, पण आमच्या घरात सगळ्याजणी असंच बोलतात). २०२३ च्या व्हिडिओत सगळ्यांच्या टीशर्टवर आरे असं काहीतरी लिहिलेलं दिसतं, ते काय? आणि त्या वर्षी सगळे एवढे रडत का होते?
(कसबा बावडा)

बावड्याची पोरगी मी बघते असं कशाला लिहील, बरोबर आहे तुझं.

आरे म्हणजे जपानीत ते. आपल्या आज्या नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, ते आले, ते जेवले म्हणायच्या ना, अगदी तसंच. २०२३ ला टीमचा मॅनेजर (तिथं मॅनेजर म्हणजे मुख्य कोच) होता अकिनोबु ओकादा, तोच १९८५ चा तीन होम रनमधला तिसरा. त्यानं ठरवलं की चॅम्पियनशिप हा शब्द तोंडातनं काढायचा नाही, पोरांवर ओझं येतं, म्हणून वर्षभर तो नुसतं ते म्हणत राहिला, आपल्याला ते करायचंय. मग खेळाडू तेच म्हणायला लागले, पेपर, टीव्ही, दुकानदार सगळेच.

हाच ओकादा २००५ ला पण मॅनेजर होता. तेव्हा लीग जिंकून जपान सिरीजमधे गेले आणि लोत्ते मरीन्सकडून चारही मॅच हरले, चार मॅचचे मिळून रन ३३-४. हा आकडा तिकडं इंटरनेटवर वीस वर्षं चिडवायला वापरतात, ३३-४ एवढं नुसतं लिहिलं तरी टायगर्सवाल्याला कळतं. ते सगळं ऐकून घेतलेला माणूस ६५ वर्षांचा होऊन परत आला.

रडण्याचं कारण मात्र वेगळं. शिनतारो योकोता नावाचा खेळाडू होता, २०१३ च्या ड्राफ्टमधला, सेंटर फिल्डला म्हणजे मैदानाच्या मागच्या मधल्या भागात खेळायचा, २०१६ च्या सीझनच्या पहिल्या मॅचला टीममधे होता. २०१७ ला डोकं दुखायला लागलं, तपासलं तर मेंदूत गाठ. ऑपरेशन झालं, परत यायचा खूप प्रयत्न केला, पण नजर पहिल्यासारखी झाली नाही, बॉल दोन दोन दिसायचे. सप्टेंबर २०१९ मधे त्याची निरोपाची मॅच ठेवली, राखीव टीमची मॅच, आठव्या इनिंगला त्याला सेंटरला उभं केलं. आणि बॉल नेमका त्याच्याकडंच आला, समोरच्या टीमचा माणूस रन काढायला होमकडं, म्हणजे बॅटर उभा असतो त्या जागेकडं पळतोय, योकोतानं पुढं येत बॉल उचलला आणि फेकला, न थांबता, थेट कॅचरच्या (आपल्या विकेटकीपरसारखा) हातात. आऊट. ज्याला बॉल नीट दिसत नव्हता त्यानं कारकिर्दीच्या शेवटच्या दिवशी एवढ्या लांबनं तो थ्रो केला. व्हिडिओ आहे, बघ, पण एकटी असताना बघ.

१८ जुलै २०२३ ला तो गेला, वय २८. दोन महिन्यांनी, १४ सप्टेंबरला, कोशिएनवर, समोर जायंट्स, टायगर्स जिंकले तर लीग नक्की. टायगर्स पुढं असताना नवव्या इनिंगला पिचर आला इवाझाकी, योकोताबरोबरच ड्राफ्टमधे आलेला. प्रत्येक खेळाडू मैदानात येताना त्याचं ठरलेलं गाणं लागतं, त्या दिवशी इवाझाकीनं स्वतःचं न लावता योकोताचं लावायला सांगितलं. आधी लोकांना कळलं नाही, मग कळलं आणि अख्खं स्टेडियम गायला लागलं. शेवटचा बॉल उंच उडाला, कॅच झाला, पोरांनी ओकादाला उचलून हवेत उडवलं आणि नंतर इवाझाकीला उडवलं तेव्हा त्याच्या हातात योकोताचा २४ नंबरचा शर्ट होता.

जपान सिरीज संपली ५ नोव्हेंबरला, सातव्या मॅचला, ओसाकाच्याच ओरिक्स बफेलोजविरुद्ध. तो रविवार होता आणि त्याच दुपारी ईडन गार्डन्सवर वर्ल्ड कपची भारत-दक्षिण आफ्रिका मॅच, विराटचा वाढदिवस, तीच ४९ व्या शतकाची मॅच. मी आमच्या कोपऱ्यावरच्या चहाच्या दुकानात, टीव्हीवर विराट, सगळी गल्ली आत, आणि माझ्या हातात मोबाईल. चौथ्या इनिंगला नॉयझीनं तीन रनचा होम रन मारला आणि मी ओरडलो, तेव्हा टीव्हीवर काहीच झालं नव्हतं, सगळे माझ्याकडं बघायला लागले. ७-१ नं जिंकले. अडतीस वर्षांनी. शेजारी बसलेल्या एका काकांनी विचारलं कोण जिंकलं, मी सगळं सांगितलं, १९८५, पुतळा, ३३-४, योकोता, सगळं, त्यांनी टीव्हीवरची दोन षटकं सोडून ऐकलं.

मला पण बघायचंय, सुरुवात कुठनं करू? आणि आता टीम कशी आहे?
(फुलेवाडी)

भावा, टीम जोरात आहे. २०२५ ला ७ सप्टेंबरलाच लीग जिंकली, एवढ्या लवकर आजपर्यंत कुणीच जिंकली नव्हती, मॅनेजर क्युजी फुजिकावा, पहिलंच वर्ष त्याचं. जपान सिरीजमधे मात्र सॉफ्टबँक हॉक्सनी ४-१ नं हरवलं. सीझन मार्चच्या शेवटी चालू होतो. बऱ्याच मॅच आपल्या अडीचला, दुपारच्या मॅच तिथं दोनला म्हणजे आपल्या साडेदहाला. नियम पाठ करत बसू नको, पहिल्या चार-पाच मॅच नुसती गाणी ऐक, कुठल्या बॅटरला कुठलं गाणं एवढं कळायला लागलं की बाकीचं आपोआप कळतं. आणि जायंट्सविरुद्धची एक तरी पूर्ण बघ, शेवटच्या आऊटपर्यंत.

फुटबॉलच्या प्रश्नांची उत्तरं पुढच्या अंकात, ती सगळी पत्रं मी जपून ठेवलीत. मंगळवार पेठेच्या आजोबांनी त्यांच्या वेळच्या मॅचबद्दल अजून लिहून पाठवावं ही विनंती, हातानं लिहिलेलं असलं तरी चालेल, मी टाईप करून घेतो.